रात्रीची गोळी

शाळेत मी तेहतीस वर्षे इतिहास शिकवला. प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असे : 'कारणे लिहा.' १८५७ च्या उठावाचे उत्तर मुले काडतुसांपासून सुरू करत आणि बरीचशी तिथेच संपवत. मी लाल शाईने समासात लिहीत असे, 'हे तात्कालिक कारण झाले. मूळ कारण?' हा शेरा किती वह्यांवर मारला असेल याचा हिशेब नाही. माझ्या स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र अकरा वर्षे मी तात्कालिक कारणावरच रोज रात्री एक गोळी घेत होतो. तिथे समासात शेरा मारायला कोणी नव्हते.

आजचा विषय ती गोळी. म्हणजे अल्सर बरा झाल्यावर तो परत येऊ नये म्हणून वर्षानुवर्षे घेतले जाणारे औषध. विषय वैद्यकाचा असला तरी मी तो इतिहासाच्या शिक्षकाच्या नजरेने पाहणार आहे. डॉक्टर वाचकांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. आमचे वडील, अण्णा, तालुका कचेरीत कारकून होते. १९६० च्या सुमारास त्यांना पोटदुखी सुरू झाली. पोट रिकामे असले की दुखे, दोन घास खाल्ले की थांबे, आणि पहाटे दोनच्या सुमारास पुन्हा जागे करी. जिल्ह्याच्या गावी नेऊन बेरियम पाजून एक्स-रे काढला. लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला, जठर संपते तिथे, व्रण निघाला. डॉक्टरांनी दर दोन तासांनी दूध, मऊ भात आणि एक पांढरे पातळ औषध लिहून दिले. शिवाय तीन गोष्टी बंद केल्या : तिखट, चहा आणि चिंता. चिंता बंद करणे अण्णांच्या हाती नव्हते आणि चहा ते कचेरीत पीतच. राहिले तिखट. ते आईच्या हाती होते.

पुढची बारा वर्षे आमच्या घरी दोन स्वयंपाक होत. तरी दुखणे उलटे. दर वेळी घरातली मोठी माणसे आईकडे बघत. 'फोडणीत मिरची पडलीच असेल,' असे आत्या तिच्या तोंडावर म्हणत. १९७२ च्या दुष्काळात अण्णांना कामाच्या हजेऱ्या आणि पगारपत्रके यांतून उसंत नव्हती. त्यांचे डोके सतत दुखे आणि त्यावर ते पांढऱ्या गोळ्या घेत. त्या वर्षी एका रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते. ते बावन्न वर्षांचे होते, मी बावीस. दिवसांत आलेल्या बायकांतही तोच विषय होता : तिखट.

अण्णांच्या पथ्याचा उगम मला पुढे वाचनात सापडला. १९१० साली क्रोएशियातल्या श्वार्झ नावाच्या शल्यचिकित्सकाने एक सूत्र मांडले : आम्ल नाही तर व्रण नाही. जठरात तीव्र आम्ल असतेच, ते अन्न पचवते. तेच अस्तराला खाऊ लागले की व्रण होतो, असा त्याचा अर्थ. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी त्यावर आहार बेतला. तासातासाला दूध आणि साय द्यायची, मधूनमधून अल्कलीची पूड द्यायची, म्हणजे आम्लाला डोके वर काढायला सवडच मिळणार नाही. हा 'सिप्पी आहार' जवळजवळ अर्धे शतक जगभर चालला. त्याने दुखणे तात्पुरते शमे, हे खरे. पण दूध पोटात गेल्यावर जठर पुन्हा नव्याने आम्ल स्रवते, हे बऱ्याच उशिरा नीट लक्षात आले.

हे दुखणे आपल्याकडे जुनेच असावे. माधवनिदानात अम्लपित्ताबरोबर 'परिणामशूल' आहे, म्हणजे अन्न पचताना उठणारा शूळ. ते वर्णन वाचताना मला अण्णांची आठवण येते. दक्षिणेत तर या रोगाचा फार जोर होता. १९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांत असलेले हॉवर्ड सॉमरव्हेल हे इंग्रज गिर्यारोहक पेशाने शल्यचिकित्सक होते. पहिल्या मोहिमेनंतर हिंदुस्थान पाहत ते त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात पोचले. तिथली रुग्णांची रांग पाहून त्यांनी इंग्लंडमधली नोकरी सोडली आणि पुढे अनेक वर्षे तिथेच काढली. त्यांच्या टेबलावर येणाऱ्यांत पोटाच्या अल्सरचे रोगी फार होते. जठर आणि आतडे यांना नवा जोड देऊन ते अन्नाची वाट वळवत. कारणाचा विचार करताना त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नजर तिथल्या गरिबांच्या आहाराकडे गेली.

अमेरिकेत १९४३ मध्ये लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी आम्लाचा हुकूम पोचवणारी व्हेगस मज्जाच कापायला सुरुवात केली. इतर शल्यचिकित्सक जठराचा मोठा भाग काढून टाकत. उपाय जालीम होते, पण सूत्र तेच राहिले : आम्ल कमी करा.

दुसरे कारण सांगितले जाई ते मनाचे. मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्झ अलेक्झांडर यांनी अल्सरची गणना मनातून उपजणाऱ्या रोगांत केली. १९५८ मध्ये जोसेफ ब्रेडी यांचा माकडांवरचा प्रयोग गाजला. दोन माकडे जोडीने बसवायची आणि विजेचा धक्का टाळण्याची कळ एकाच्याच हाती द्यायची. कळ दाबण्याची जबाबदारी असलेल्या 'साहेब' माकडाला अल्सर झाला, दुसऱ्याला झाला नाही. झाले, अल्सर हा जबाबदार माणसाचा रोग ठरला. पुढे या प्रयोगातली खोट दिसली. आधीच्या चाचणीत जी माकडे कळ भराभर दाबत, त्यांनाच साहेब केले होते. म्हणजे निवडच सारखी नव्हती. पण गोष्ट तोवर लोकांच्या डोक्यात घट्ट बसली होती. मनाचा काहीच संबंध नाही असेही म्हणता येत नाही. १९४० मध्ये लंडनवर बाँबवर्षाव चालू असताना अल्सर फुटलेले रोगी खरोखरच वाढले होते. ताण भर घालतो. पण भर घालणारे आणि मूळ कारण यांत फरक आहे.

आता गोळीकडे येतो. जेम्स ब्लॅक हे स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटी इथल्या स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीत आले. त्याआधी त्यांनी प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचे औषध शोधले होते. जठरातल्या पेशींना हिस्टॅमिन नावाचा रेणू आम्ल स्रवण्याचा निरोप देतो. तो निरोप घेणारे कुलूप, म्हणजे रिसेप्टर, बंद करणारी किल्ली त्यांना हवी होती. काही वर्षे आणि शेकडो संयुगे खर्ची पडल्यावर १९७२ मध्ये ब्यूरिमामाइड मिळाले, पण ते तोंडाने देण्याजोगे नव्हते. पुढचे मेटियामाइड चांगले निघाले, पण काही रुग्णांत त्याने पांढऱ्या पेशी घटल्या, म्हणून तेही सोडावे लागले. शेवटी सिमेटिडिन आले. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये विक्रीला आले, १९७७ मध्ये अमेरिकेत. चार ते आठ आठवड्यांत बहुतेकांचा व्रण भरून येई. ऑपरेशनची टेबले रिकामी पडू लागली. १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळाले, आणि ते योग्यच होते. हे औषध बारा-पंधरा वर्षे आधी निघते तर, असा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

पण औषध थांबवले की वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्णांचा व्रण परत येई. म्हणून नवी रीत पडली. व्रण भरला तरी औषध सोडायचे नाही, मात्रा निम्मी करायची आणि रोज रात्री झोपताना घ्यायची. रात्री पोट रिकामे असते आणि आम्लाला अडवायला अन्न नसते, म्हणून वेळ रात्रीची. सिमेटिडिन असेल तर ४०० मिलिग्रॅम. १९८१ मध्ये ग्लॅक्सोचे रॅनिटिडिन आले, ते १५० मिलिग्रॅम. अशी गोळी घेणाऱ्यांत वर्षभरात चार-पाचांपैकी एखाद्याचाच व्रण उलटे. किती वर्षे घ्यायची? याला उत्तर नव्हते. घेत राहायची, एवढेच.

कंपन्यांच्या दृष्टीने याहून चांगले औषध कोणते? महिनाभरात रोगी बरा करून सोडणाऱ्या औषधापेक्षा जन्मभर लागणारे औषध केव्हाही अधिक खपणार. सिमेटिडिनची विक्री वर्षाला शंभर कोटी डॉलरवर गेली, आणि मग रॅनिटिडिनने त्यालाही मागे टाकले. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यामुळे पेटंट औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. त्यामुळे देशी कंपन्यांनी दुसऱ्या वाटेने हेच औषध बनवले आणि ते मास्तरांच्या पगारात बसू लागले. रँटॅक, झिनेटॅक, ॲसिलॉक ही नावे घराघरांत पोचली.

माझ्या घरात ती १९८७ मध्ये आली. पहाटे दोनला पोटात दुखून जाग आली, तेव्हाच मला काय ते कळले. दुर्बिणीने तपासले. अण्णांच्या जागी होता तिथेच व्रण. दोन महिने पूर्ण मात्रा, मग रात्रीची गोळी. मी दोनदा ती आपल्या मनाने बंद केली. पहिल्या वेळी पाच महिन्यांत दुखणे उलटले. दुसऱ्या वेळी शौचाला डांबरासारखे काळे झाले आणि चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. सलाइनच्या बाटलीकडे बघत पडलो होतो आणि उशाशी आई बसली होती. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तिने पाट्यावर मिरची वाटणे कायमचे बंद केले. त्यानंतर मी गोळी एकदाही चुकवली नाही. अकरा वर्षांत चार हजारांवर गोळ्या झाल्या.

मी या गोळीचा ऋणी आहे. तिने मला सांभाळले. पण इतक्या वर्षांत मी, किंवा माझ्या आसपासच्या कोणी, 'मुळात हा परत येतोच का?' असे विचारले नाही. ज्याला आवर घालता येतो त्याचे कारण शोधायची घाई कोणालाच नसते.

ज्याला ते कारण दिसले, तो ते शोधायला निघालाही नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ जठराच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. जून १९७९ मध्ये त्यांना एका तुकड्यावर वळणदार जिवाणू दिसले. जठरातल्या आम्लात जिवाणू टिकत नाहीत, असे पुस्तकात लिहिलेले होते. वॉरन पाहत राहिले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी शंभर रुग्णांची तपासणी केली. जिवाणू वाढवून पाहण्याचे प्रयत्न मात्र फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही तर बशा टाकून देण्याची प्रयोगशाळेची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा पाच-सहा दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जिवाणू उगवले. त्या शंभरांत लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असलेले तेरा रुग्ण होते. तेराही जणांत तो सापडला. आज त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात.

लोकांना ते पटेना. प्राण्यांवरचे प्रयोग जमेनात. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच जिवाणूंचा पेला पिऊन टाकला. काही दिवसांत त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. दहाव्या दिवशी दुर्बिणीने पाहिले तर जठराला सूज होती आणि तिच्यात तेच जिवाणू. व्रण झाला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्या धाडसाची गोष्ट सगळे सांगतात, पण माझ्या मते खरा पुरावा १९८८ मध्ये आला. पर्थच्या या मंडळींनी शंभर अल्सरच्या रुग्णांवर चाचणी केली. ज्यांच्या पोटात जिवाणू शिल्लक राहिले, त्यांच्यातल्या ८४ टक्क्यांचा व्रण वर्षभरात परत आला. ज्यांचे जिवाणू गेले, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते. 'परत का येतो?' या प्रश्नाचे उत्तर त्या दोन आकड्यांत होते.

अशी वाट आधीही कोणाला दिसली होती. ग्रीसमधल्या मिसोलोंगी गावचे डॉक्टर जॉन लिकूदिस १९५८ पासून अल्सरच्या रोग्यांना प्रतिजैविके देत. त्यांचे लेख छापले गेले नाहीत आणि वैद्यक मंडळाने त्यांना चार हजार ड्राक्मा दंड केला. पर्थच्या शोधाआधीच, १९८० मध्ये ते वारले.

हा सगळा कंपन्यांचा कट होता, असे म्हणायला मला जमत नाही. फायदा कोणाचा होता ते वर लिहिलेच आहे. पण हे जिवाणू असंख्य लोकांच्या पोटात असतात. आपल्या देशात तर निम्म्याहून अधिक प्रौढांत. आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. मग हेच कारण कसे, ही शंका रास्त होती. शिवाय हाताशी चालणारे औषध होते. चुकीचे उत्तर टाकून देणे सोपे असते. अर्धे बरोबर उत्तर मात्र टाकवत नाही. आम्लाचे सूत्र अर्धे बरोबर होते. मग १९९४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने सांगितले, की अल्सर आणि हा जिवाणू दोन्ही असतील तर प्रतिजैविके द्यावीत. वॉरन यांना पहिल्यांदा तो दिसल्याला तोवर पंधरा वर्षे होत आली होती.

आमच्या गावापर्यंत ते यायला आणखी चार वर्षे गेली. १९९८ मध्ये एका नव्या तरुण डॉक्टरने माझी चिठ्ठी पाहून विचारले, "सर, अकरा वर्षे घेताय? जंतूची तपासणी झाली का कधी?" झाली नव्हती. ती केली, जंतू निघाला, आणि दोन आठवडे तीन औषधे घेतली : दोन प्रतिजैविके आणि आम्ल बंद करणारे ओमेप्रॅझोल. तोंडाला सतत धातूची चव येई. पंधराव्या रात्री मी गोळीविना झोपलो, म्हणजे पडून राहिलो. पहाटे दोनचे ठोके ऐकले. काही दुखले नाही. त्यानंतर तो व्रण कधीच परत आला नाही.

गोष्ट इथे संपत नाही, कारण आज माझ्या उशाशी पुन्हा गोळी आहे. काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला, त्यासाठी ॲस्पिरिन रोजची झाली. ॲस्पिरिन आणि सांधेदुखीच्या गोळ्या हे अल्सरचे दुसरे मोठे कारण. १९३८ मध्येच लंडनच्या डॉक्टरांनी जठरात दुर्बीण घालून ॲस्पिरिनने अस्तर लाल होते हे पाहिले होते. एकदा रक्तस्राव झालेल्या माझ्यासारख्याला ॲस्पिरिनसोबत पँटोप्रॅझोल घ्यावेच लागते, आणि तेही कायम. या वेळी मी डॉक्टरांना कारण विचारून घेतले. कारण समोर आहे, ते टाळता येत नाही, म्हणून गोळी. हे मला पटते. पण नुसते जळजळते म्हणून वर्षानुवर्षे हीच गोळी घेणारे माझ्या फिरण्याच्या मंडळात चौघे आहेत. कशासाठी, हे एकालाही नीट सांगता येत नाही. त्यांनी ती एकदम बंद करावी असे मी म्हणत नाही, तशी ती बंद केली तर आम्ल उसळते. डॉक्टरांना विचारावे, एवढेच. माझे जुने रॅनिटिडिन तर २०२० मध्ये एका घातक अशुद्धीमुळे अमेरिकेत बाजारातून काढले गेले, आणि २०२२ मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही वगळले गेले.

आईची गोष्ट राहिली.

ऑक्टोबर २००५ मध्ये मार्शल आणि वॉरन यांना नोबेल जाहीर झाले. वर्तमानपत्रात बातमी होती. आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती, ओसरीवर भाजी निवडत बसली होती. मी तिला बातमी वाचून दाखवली. मग म्हणालो, "आई, हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो. तुझं लग्न होऊन तू या घरात यायच्या आधीच अण्णांच्या पोटात असेल. तिखटानं अल्सर होत नाही."

अण्णांना जंतूने मारले की डोकेदुखीच्या त्या पांढऱ्या गोळ्यांनी, की दोघांनी मिळून, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तेवढे मी तिला सांगितले नाही. एक कारण मात्र मी खात्रीने खोडू शकत होतो, ते खोडले.

ती बराच वेळ मेथीची पाने खुडत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरांनी तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्यांनाही ठाऊक नव्हतं."

"हं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ह्यांना ठेचा फार आवडायचा रे. बारा वर्षं मागत होते. मी दिला नाही."